वरचं चामडं नंतर बघ, आधी तळाची शिवण बघ

"काका, मी फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, दिवसाचे नऊ-दहा तास काँक्रीटच्या फरशीवर उभा असतो. दर आठ महिन्यांनी बूट जातात. मागच्या वेळी एक जोड सेलमध्ये घेऊन कपाटात ठेवला होता, तो काढून घातला तर दुसऱ्याच दिवशी तळाचे तुकडे पडायला लागले. आता थोडे पैसे साठवलेत आणि रेड विंगचे आयर्न रेंजर, वुल्व्हरिनचे थाउजंड माइल आणि डॉक्टर मार्टिन्सचे १४६० या तिघांत अडकलोय. पहिले दोन माझ्या नेहमीच्या बुटांच्या जवळपास पाचपट किमतीचे आहेत. मोठा भाऊ म्हणतो, पायात घालायच्या वस्तूवर एवढा खर्च म्हणजे वेडेपणा. खरंच इतके चांगले असतात का ते, आणि कुठले घेऊ?"

आधी त्या कपाटातल्या बुटांचं सांगतो, कारण तुझ्या सगळ्या प्रश्नाची गुरुकिल्ली तिथेच आहे. स्वस्त बुटांचा तळ बरेचदा पॉलियुरेथेनचा असतो, पीयू म्हणतात तो, हलका असतो, मऊ असतो, दुकानात चार पावलं टाकली की पाय एकदम खूश. पण त्यातले बरेच प्रकार हवेतला दमटपणा हळूहळू पितात आणि आतून तुटत जातात, याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि बूट वापरा नाहीतर डब्यात ठेवा, हे चालूच राहतं. तुझ्या नव्याकोऱ्या जोडाचं तेच झालं, तुझी काही चूक नाही त्यात. खरा तोटा पुढे आहे. तो तळ वरच्या भागाला नुसता चिकटवलेला किंवा साच्यात घालून ओतलेला असतो, त्यामुळे तळ गेला की बूट गेला, वरचं चामडं धडधाकट असलं तरी कचऱ्यात. म्हणून महागडा बूट समोर आला की मी ब्रँडच्या आधी एक गोष्ट विचारतो, हा उघडून परत शिवता येईल का, आणि शिवणारा माणूस माझ्या हाताशी आहे का. याचं उत्तर हो असेल तरच पाचपट किमतीवर बोलायचं, नाहीतर तुझ्या भावाचं बरोबर आहे.

आता शिवता येईल म्हणजे काय. गुडइयर वेल्ट हा शब्द तू वाचला असशीलच. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची अरुंद पट्टी. एक शिवण आतला इनसोल, वरचं चामडं आणि ही पट्टी असं सगळं एकत्र बांधते, आणि दुसरी शिवण त्या पट्टीला खालचा सोल बांधते. म्हणजे सोल झिजला की फक्त ती दुसरी शिवण उसवायची, जुना सोल काढायचा, नवा शिवायचा, वरच्या बुटाला हातसुद्धा लागत नाही. हे काम पूर्वी हाताने व्हायचं, १८७० च्या आसपास चार्ल्स गुडइयर ज्युनियर यांनी त्याचं मशीन बाजारात आणलं म्हणून ते नाव पडलं (रबर व्हल्कनाइज करण्याची, म्हणजे गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची पद्धत शोधणाऱ्या गुडइयरांचाच हा मुलगा, टायरच्या कंपनीशी मात्र या घराचा धंद्याचा संबंध नाही, नाव फक्त वडिलांचा मान म्हणून दिलेलं). इनसोल आणि सोलच्या मधल्या पोकळीत कॉर्क भरतात, आणि हा कॉर्क आणि वरचा चामड्याचा इनसोल काही आठवड्यांत तुझ्या पायाच्या आकारात दबतो, जुना चांगला बूट दुसऱ्या कुणाला नीट बसत नाही तो यामुळेच.

दुसरी पद्धत स्टिचडाउन, यात वरचं चामडंच बाहेरच्या बाजूला दुमडून थेट मिडसोलवर, म्हणजे इनसोल आणि खालच्या सोलच्या मधल्या थरावर शिवतात. अमेरिकेतल्या स्पोकेन गावचे व्हाइट्स आणि निक्स हे बूट या पद्धतीसाठी प्रसिद्ध, जंगलातली आग विझवणारे लोक ते घालतात. प्रचंड दणकट काम, आतला शँक, म्हणजे पावलाच्या कमानीखाली आधाराला घातलेली कडक पट्टी, तोसुद्धा चामड्याचा असतो, पण वजनही तसंच आणि किंमत तुझ्या यादीतल्या बुटांच्याही वर, त्यामुळे वर्कशॉपमध्ये उभं राहायला ते नकोत.

फसवणूक कुठे होते तेही सांगतो. काही बुटांवर वेल्ट आणि त्यावरचे टाके नुसते दाखवायला असतात, सोल खाली चक्क चिकटवलेला. बूट उलटा करून बघ, वरच्या पट्टीवर टाके आहेत तर तळाच्या बाजूलाही, बहुतेकदा एका खाचेत, तेच टाके दिसायला हवेत. काही चांगल्या बुटांत ती शिवण मुद्दाम झाकलेली असते किंवा फक्त मिडसोलपर्यंत घेऊन खालचा रबर सोल वर चिकटवलेला असतो, तो चिकटवलेला रबर सहज बदलता येतो त्यामुळे त्याची काळजी नाही, पण मग दुकानदाराला स्पष्ट विचारायचं की वेल्ट शिवलेला आहे का, आणि तो घुटमळला तर तुला उत्तर मिळालं. आणखी एक बारकावा, मशीनच्या गुडइयर वेल्टमध्ये इनसोलच्या खाली कापडाची एक उभी धार चिकटवतात आणि पहिली शिवण त्या धारेतून जाते. हा चिकटवलेला भाग हाच या पद्धतीचा कच्चा दुवा, कधीकधी सुटतो, हाताने वेल्ट केलेल्या बुटात ती धार इनसोलच्या जाड चामड्यातूनच कोरतात म्हणून सुटायचा प्रश्न येत नाही. पण तो सुटला तरी जाणकार माणूस नीट करू शकतो, त्यासाठी दुप्पट पैसे देऊन हातशिवणीच्या मागे लागू नकोस.

चामड्याचं थोडक्यात सांगतो. कातड्याचा सगळ्यात वरचा थर, न घासता तसाच ठेवलेला, तो फुल ग्रेन, त्याचे तंतू सगळ्यात घट्ट. वरचे डाग, ओरखडे घासून काढून त्यावर रंगाचा किंवा प्लास्टिकसारखा लेप दिला की झालं करेक्टेड ग्रेन, दिसायला एकसारखं, गुळगुळीत, पण घडीवर लेपाला तडे जायची शक्यता आणि तेलही आत नीट मुरत नाही. खालच्या थराचं ते स्प्लिट. आणि जेन्युइन लेदर एवढंच छापलेलं असेल तर त्याचा अर्थ चामडं आहे, बस, कुठल्या थराचं ते त्यात कळत नाही, म्हणून त्या शिक्क्यावर भुलू नकोस. बोटाने दाबून बघ, चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि बोट काढलं की विरतात. जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असली तर कामाच्या बुटाला बरं.

आता तुझे तिघे. डॉक्टर मार्टिन्सच्या १४६० ला इतिहास मोठा आहे, १ एप्रिल १९६० ला पहिला जोड बाहेर पडला, त्या तारखेवरूनच ते नाव. उशीसारखा हवेचा सोल क्लाउस मार्टेन्स या जर्मन डॉक्टरांनी पाय दुखावला म्हणून स्वतःसाठी बनवला होता आणि इंग्लंडमधल्या ग्रिग्ज घराण्याने तो कामगारांच्या बुटाला लावला, पोस्टमन, कारखान्यातली माणसं हेच त्याचे पहिले गिऱ्हाईक. सोल खरंच आरामदायक आहे, वादच नाही. पण नेहमीच्या स्मूद लेदरला वरून लेप असतो, वेल्ट प्लास्टिकचा, आणि सोल त्या वेल्टला उष्णता देऊन वितळवून जोडलेला. म्हणजे वेल्ट आहे, शिवण आहे, पण सोल बदलायला साधा मोची हात लावत नाही, लावला तर दुसऱ्याच प्रकारचा सोल बसवतो. किंमत तिघांत कमी आहे, दिसायला छान आहे, कॉलेजला, फिरायला घे म्हणेन, रोज दहा तासांच्या कामाला मात्र नाही.

वुल्व्हरिन थाउजंड माइलचं चामडं हे त्याचं खरं वैभव. शिकागोच्या हॉरवीन या चामडं कमावणाऱ्या टॅनरीचं क्रोमेक्सेल, ही टॅनरी १९०५ पासूनची. या चामड्यात गरम तेलं, मेण आणि चरबी इतकी मुरवलेली असते की बूट वाकवला की त्या जागी रंग फिका होतो आणि सोडला की परत येतो, ओरखडा पडला तर अंगठ्याने घासून जातो. पहिल्या आठवड्यातच पायाला सरावतं, चावत नाही. पण मऊपणाची दुसरी बाजू अशी की काही जोडांत घडी पडते तिथे चामडं सैल पडून फुगल्यासारखं दिसतं, आणि ज्या रूपाने या बुटाचं नाव झालं त्याचा सोल चामड्याचा आहे. वर्कशॉपमध्ये गुळगुळीत फरशीवर बारीक भुसा पसरलेला, त्यावर चामड्याचा सोल म्हणजे घसरगुंडी, आणि तू मशीनजवळ उभा असणार. नको रे बाबा. रबर सोल लावलेला मिळाला तर विचार कर, पण मुळात हा बूट मला कामाच्या घाटाचा असून कामापेक्षा बाहेर जायला जास्त शोभतो असं वाटतं.

आयर्न रेंजर तिघांत सगळ्यात दणकट. रेड विंग ही १९०५ ची कंपनी, मिनेसोटातल्या रेड विंग याच गावची, आणि चामडं कमावणारी एस. बी. फूट टॅनरीही त्यांच्याच मालकीची, त्यामुळे चामड्यात फारसा खालीवर होत नाही. नाव आयर्न रेंज भागातल्या लोखंडाच्या खाणकामगारांवरून घेतलं, बोटांवर चामड्याचा दुहेरी थर, बाजूला तिहेरी शिवण, गुडइयर वेल्ट, हल्लीच्या जोडांना व्हिब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा बारीक खाचांचा रबर सोल. चामडं जाड, तेलकट आणि हट्टी. पहिले दोन-तीन आठवडे टाचेला आणि घोट्याला जाणवतंच, काहींना चांगलंच जाणवतं, पण एकदा पायाला सरावलं की वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. तुझ्या तिघांतून निवडायचं तर मी डोळे झाकून हाच निवडेन.

पण तू दहा तास काँक्रीटवर उभा असतोस ना, तर मी तुला यादीबाहेरचा चौथा सांगणार. वेज सोलचा मोक टो. समोर बोटांवर उभी शिवण फिरलेली असते, बोटांना जागा जास्त, आणि खाली टाचेचा वेगळा ठोकळा नसलेला, सपाट, पांढरा, मऊसर सोल. रेड विंगचा ८७५ या प्रकारातला सगळ्यात ओळखीचा, आणि विस्कॉन्सिनमधल्या वाइनब्रेनर या १८९२ च्या कंपनीचे थोरोगुडही फार चांगले, ती कंपनी आता तिथल्या कामगारांच्याच मालकीची आहे. सपाट सोलमुळे अख्खं पाऊल जमिनीला टेकतं, वजन टाच आणि चवड्यावरच न येता पसरतं, संध्याकाळी पोटऱ्यांना फरक कळतो. बांधकामावर, लोखंडाच्या तुळयांवर काम करणारे लोक उगाच हे घालत नाहीत. याचा दोषही सांगतो, मऊ सोल लवकर झिजतो, खाचांच्या कडक रबरापेक्षा बराच लवकर, रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्षात बदलायची वेळ येऊ शकते. पण बदलता येतो, आणि तेच तर महत्त्वाचं.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस ती मी विचारतो. वर्कशॉपमध्ये जड फळ्या, प्लायचे ताव, मशीनचे भाग पायावर पडायची शक्यता आहे का? आयर्न रेंजरच्या टोकाला दुहेरी चामडं आहे, पोलाद नाही. सेफ्टी बूट म्हणजे आयएसओ २०३४५ सारख्या मानकाचा शिक्का असलेला, ज्याची टोपी २०० ज्यूलचा आघात सहन करते असं तपासलेलं असतं. तुझ्या यादीतले तिन्ही त्या जातीचे नाहीत. ८७५ लाही टोपी नसते, थोरोगुडच्या मोक टोमध्ये मात्र सेफ्टी टोचे प्रकार मिळतात. धोका रोजचा असेल तर देखणेपणा बाजूला ठेव आणि शिक्का असलेला घे, बोटं परत शिवून मिळत नाहीत.

आता भावाचा प्रश्न, त्यांना उगाच खोटं ठरवायचं नाहीये मला. हिशोब करू. तुझ्या स्वस्त जोडाला एक भाग धर, आठ महिन्याला एक म्हणजे सहा वर्षांत नऊ जोड, नऊ भाग. महागडा जोड पाच भाग, सहा वर्षांत सोल समज दोनदा बदलला, आणि नीट सोल बदलायला बुटाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत खर्च येतो, म्हणजे एका वेळी साधारण दोन भाग. झाले पाच अधिक चार, नऊ. बरोबरीत सुटलं, आणि वेज सोल घेऊन तीन-चारदा बदलावा लागला तर महागडाच जास्त पडेल. महाग बूट शेवटी स्वस्त पडतो असं सगळे छातीठोकपणे सांगतात, पण कागदावर मांडलं तर बरेचदा पडत नाही. मग घ्यायचा कशाला? तर या नऊ भागांत तुला सहा वर्षं रोज चांगला बूट मिळतो, पायाला बसलेला, आणि तिकडे त्याच नऊ भागांत दर आठ महिन्यांतले शेवटचे दोन महिने तू फाटलेल्या, दबलेल्या तळावर उभा असतोस. गुडघे आणि कंबर तुझीच आहे. भावाला हे असंच सांग, बचतीचं आमिष दाखवू नकोस. आणि साठवलेले पैसे सोडून कर्ज काढावं लागणार असेल तर अजिबात घेऊ नकोस, दोन-तीन भाग किमतीत साधे, कमी नावाचे पण खरोखर वेल्ट शिवलेले बूट मिळतात, स्वस्तातून तिथवर यायला जेवढा फरक पडतो तेवढा तिथून पुढे पाचपर्यंत जायला पडत नाही. माझ्या मते पैशाचं सगळ्यात चांगलं चीज त्या मधल्या पायरीवर होतं.

घेण्याआधी एक काम कर. तुझ्या जवळपासच्या बूट दुरुस्त करणाऱ्यांना फोटो दाखव आणि विचार, वेल्टची शिवण उसवून नवा सोल शिवाल का, की वरून चिकटवून द्याल. शिवणारं मशीन किंवा तसा हात असलेला एकही माणूस सापडला नाही आणि पाठवून करून घ्यायचीही सोय नसली तर पाचपट किमतीचे पैसे पाण्यात, मग मधल्या पायरीचाच बूट घे.

नंबराचं शेवटी ठेवलंय पण मी सगळ्यात जास्त पोळलो ते इथेच. माझा पहिला महागडा जोड मी स्पोर्ट शूजच्या नंबरावर मागवला. पंजा जिथे वाकतो तिथे बूट वाकेना, तो पुढे कुठेतरी वाकायचा, टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जायची, आणि मी सरावेल सरावेल म्हणत महिनाभर घालून फिरलो. टाचेची कातडी सोलली, मग परत करायला गेलो तर दुकानाने घेतले नाहीत, वापरलेले होते, त्यांचंही बरोबर होतं. ते बूट शेवटी माझ्या मेहुण्याच्या पायात गेले, त्याच्याकडे अजून आहेत. तेव्हापासून एक पक्कं कळलं की नवा बूट ताठ असणं वेगळं आणि चुकीचा असणं वेगळं. चामडं मऊ पडतं, थोडं रुंद होतं, लांबीने वाढत नाही किंवा कमी होत नाही. अमेरिकन घाटाचे हे बूट बहुतेकांना स्पोर्ट शूजपेक्षा अर्धा नंबर लहान लागतात, काहींना पूर्ण नंबर, म्हणून संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कामाचे जाड मोजे घालून दोन्ही पाय मोज, टाचेपासून बोटांपर्यंत आणि टाचेपासून अंगठ्यामागच्या हाडापर्यंत, दोन्ही मापं घे. ते हाड बुटाच्या सगळ्यात रुंद जागी यायला हवं. बोटांपुढे थोडी जागा हवी, चवडा घट्ट पण आवळलेला नको, टाच सुरुवातीला किंचित उचलली गेली तर चालेल, ती सोल वाकायला लागला की कमी होते. बोटं बधिर होत असतील तर ते सरावाने जात नाही.

काळजी फार नाही. रोज ब्रश मार, भुसा टाक्यांत अडकून चामड्यातलं तेल ओढून घेतो. दोन-तीन महिन्यांनी चामडं कोरडं वाटलं तरच थोडं कंडिशनर, जास्त नको, जास्त तेलाने चामडं ढिलं पडतं. भिजले तर आत कागद कोंबून सावलीत वाळव, हीटरजवळ किंवा उन्हात ठेवलेस तर तडकतील. आणि तुझा एखादा जुना जोड धड असेल तर एक दिवस हे एक दिवस ते असं घाल, पायाचा घाम इनसोलमध्ये मुरतो, तो वाळायला एक रात्र पुरत नाही.

बूट आले की पहिला आठवडा घरातच घाल, स्वच्छ फरशीवर, रोज तासभर, तळाला धूळसुद्धा लागू देऊ नकोस आणि खोकं, बिल सगळं जपून ठेव. त्या आठवड्यात बोटं बधिर झाली, पंजा भलत्याच जागी वाकला किंवा टाच सटासटा उचलली जायला लागली तर दया दाखवू नकोस, सरळ परत कर आणि अर्धा नंबर बदलून मागव.